वादी, प्रतिवादी आणि नऊ मासे

आमच्या कचेरीत भांडायलासुद्धा नंबर लागतो. दारात शिपाईमामा स्टुलावर बसलेले असतात. ते पुठ्ठ्याचं टोकन देतात, आणि मग नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला असे लांब बाकड्यावर बसून पाळी यायची वाट बघतात. आधी आला त्याचा आधी नंबर, मग तो डॉक्टर असो नाहीतर हमाल. हा नियम मामांचा. उद्या प्रत्यक्ष ब्रह्मदेव बायकोला घेऊन आला तरी मामा त्याला सांगतील, "बसा, तेवीस नंबर."

मी इथली टायपिस्ट. आत मॅडम जोडप्यांची समजूत घालतात आणि बाहेर मी ते सगळं टाइप करते. कोण कोणाला काय म्हणालं, कोणी कोणावर कुठलं भांडं फेकलं, सासूचं नाव कितव्या मिनिटाला निघालं. बावीस वर्षं हेच टाइप करून माझी जीभ तिखट झाली असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. ती आधीपासूनच तिखट होती, इथे फक्त परजली गेली.

आणि या जिभेचा सगळ्यात जास्त मार खाल्ला असेल तर तो मामांनी. सोळा वर्षं ते माझ्या टेबलासमोर बसतायत. बुटके, पोट जरा पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मनगटावरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं. का, तर म्हणे उशीर झाला तरी दहा मिनिटं हातात राहतात. मी म्हटलं, अहो, घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला माहीत असतं ना, मग काय उपयोग? तर म्हणाले, "होईल, होईल." त्यांचं सगळ्यावर हेच उत्तर. पंखा बंद पडला, होईल. छत गळतंय, होईल. मला या 'होईल'चा इतका राग येतो की एकदा मी तो शब्द त्यांना महिनाभर बंद केला होता. त्या महिन्यात मामा नुसती मान हलवायचे आणि तेही मला 'होईल'सारखंच ऐकू यायचं.

आता माशांकडे येते. मॅडमनी कुठेतरी वाचलं की मासे बघितले की माणसाचं डोकं थंड होतं. झालं, बाकड्यासमोर ही लांबलचक काचेची टाकी आली. चार माणसांनी उचलून आणली. त्यात चौदा मासे सोडले. त्यातला एक मोठा, केशरी, मागे ही एवढी लांब शेपटी फरफटत नेणारा. त्याला मामा 'नवरी' म्हणायचे. टाकी आली तशी अर्थातच मामांच्या गळ्यात पडली. डोकं कोणाचं थंड झालं माहीत नाही, पण बाकड्यावर भांडणाला एक विषय वाढला. "बघा, तो मासासुद्धा ऐकून घेतो."

कासवं आली ती वाटणीतून. सहा वर्षांपूर्वी एका जोडप्याचं काही केल्या जमेना. शेवटी वेगळं व्हायचं ठरलं, सामानाची यादी केली. कपाट त्याला, शिलाई मशीन तिला, असं करत करत चमच्यांपर्यंत पोचलो. यादीच्या तळाला होती दोन कासवं. ती म्हणाली त्याची हौस होती, तो म्हणाला हट्ट तिचा होता. शेवटी दोघंही सह्या करून निघून गेले आणि प्लॅस्टिकच्या डब्यातली कासवं माझ्या टेबलावर राहिली. बशीएवढी, कानामागे तांबडा पट्टा, आणि चेहरे असे की जणू आम्हीच त्यांचं घर मोडलं.

"यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"टाकी मोठी आहे," मामा म्हणाले. "होईल."

त्यांनी कासवांना नावंही लगेच दिली. एक वादी, दुसरा प्रतिवादी. कोणता कोणता हे आजपर्यंत फक्त त्यांनाच कळतं.

मॅडम नेमक्या त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेलेल्या. सोमवारी टाकीत चौदा मासे होते, मंगळवारी बारा. बुधवारी अकरा. मामांनी खिडकी तपासली, झाकण तपासलं, झाडलोट करणाऱ्या बाईंकडे वाकड्या नजरेने बघितलं, आणि हद्द म्हणजे मला विचारलं, "बाई, तुम्ही डबा खाताना मांजराला आत घेता का?" मी त्यांना जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि म्हटलं, कासवांना विचारा. तर म्हणे, "छे हो! ती पाय उचलतात तोवर मला जांभई येते. ती कसला मासा पकडतात!" शनिवारी टाकीत नऊ राहिले. त्या दिवशी मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की जमिनीवर रांगणारं हे ध्यान पाण्यात कसं सुटतं. दिवसभर त्यांनी टोकनंसुद्धा हळू आवाजात पुकारली.

पण त्या शनिवारनंतर एकही मासा गेला नाही. नवाचे आठ झाले नाहीत. मॅडम परत आल्या, टाकी बघून हरखल्या आणि जे भाषण त्यांनी सुरू केलं ते सहा वर्षं चाललं. प्रत्येक जोडप्याला टाकीपुढे उभं करायचं आणि म्हणायचं, "हे बघा. एकाला सारखं पोहायचं असतं, एकाला विटेवर बसून शेकायचं असतं. स्वभाव वेगळे, सवयी वेगळ्या. तरी एका पाण्यात नांदतायत की नाही?" आणि नेमका तेव्हाच वादी किंवा प्रतिवादी असं तोंड वासून जांभई द्यायचा की रडणारी बाईसुद्धा हसायची.

मला मात्र चैन पडेना. खाणारं तोंड असं एकाएकी संत कसं होतं? एक दिवस मी लवकर आले. कचेरीत कोणी नव्हतं, फक्त सामानाच्या खोलीतून आवाज येत होता. मामांचा. "हळू, हळू. पळून जातंय का? सगळं तुझंच आहे." सोळा वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी इतक्या मायेने बोलल्याचं मला आठवत नाही. म्हटलं, या वयात हे काय? ढकलला दरवाजा.

आत मामा उकिडवे बसलेले, पुढ्यात तांबडी बादली, बादलीत वीतभर पाणी आणि त्यात वादी-प्रतिवादी काकडीच्या कापांवर तुटून पडलेले.

"बाई, दार लावा," मामा म्हणाले. "यांना वारा लागतो."

मग त्यांनी मला समजावलं. कासवांना रोज सकाळी टाकीतून काढायचं. बादलीत त्यांचं जेवण, काकडी, पानं, दुकानात मिळणाऱ्या कासवांच्या खाण्याच्या सुक्या काड्या. अर्धा तास. पोट भरलं की अंग पुसून परत टाकीत. मग माशांना खाणं. रोज हेच, याच क्रमाने, रविवारीसुद्धा.

"बादली हे यांचं ताट," मामा म्हणाले. "टाकी ही खोली. ताट आणि खोली एक केली ना, की खोलीत जे हलतं ते सगळं यांना ताटातलं वाटायला लागतं."

शेकायला वीट आणि वर दिवा त्यांनीच लावला होता. दर शनिवारी पाणीही तेच उपसायचे, कारण दोन कासवं मिळून जेवढी घाण करतात तेवढी वीस माशांना जमणार नाही. आणि आम्ही कचेरीतले सगळे या माणसाला बादलीवरून चिडवत होतो! कोणी म्हणायचं मामा इथेच आंघोळ करतात, कोणी म्हणायचं कपडे धुतात. त्यात मी सगळ्यात पुढे होते, हे कबूल करते.

"मॅडमना सांगितलंत का हे?"

"कशाला? त्यांचं छान चाललंय."

"अहो, पण त्या लोकांना सांगतात की आपोआप नांदतात म्हणून!"

"सांगू द्या की. होईल."

मी कपाळावर हात मारला आणि कोणाला बोलले नाही. माझ्या पोटात राहिलेलं हे बहुधा एकमेव गुपित.

आता जे सांगायचंय ते जरा जपून सांगते, कारण ते मामांच्या वर्मावरचं आहे. त्यांना एक लेक. एकुलती एक. पाच वर्षांपूर्वी तिने लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण मामांना पसंत पडेना. का, याचं धड कारण ते आजही सांगू शकत नाहीत. लग्नाच्या दिवशी भरल्या मांडवात ते तिला म्हणाले, "सहा महिन्यांत आमच्या बाकड्यावर येशील. तुझा नंबर आत्ताच काढून ठेवतो."

वर्षानुवर्षं ज्या दारात बसले तिथली सगळ्यात जहरी गोष्ट उचलून त्यांनी स्वतःच्या पोरीच्या अंगावर टाकली. ती दुसऱ्या गावी निघून गेली. सहा महिने झाले, वर्ष झालं, पाच वर्षं झाली. बाकड्यावर काही ती आली नाही. तिचा संसार झकास चालला. मामी, म्हणजे मामांची बायको, येऊन-जाऊन असायची. मामा कधी गेले नाहीत. मॅडमच्या दारात बसून त्यांनी हजार अबोले सुटताना पाहिले, स्वतःचा तेवढा राहून गेला.

मग नात झाली. मामी महिनाभर आधीच तिकडे गेली होती. तिचा निरोप आला, या आता, पोरीनेही बोलवलंय. मामांनी मला हे सांगितलं आणि लगेच पुढे म्हणाले, "पण जाणार कसा? कासवं आहेत ना."

"कासवं?"

"आठ दिवस गेलो तर एक मासा उरायचा नाही. मॅडमचं सगळं मोडेल. लोक काय बघतील?"

मी खुर्ची सरकवली आणि उभी राहिले. म्हटलं, "मामा, तुम्ही कासवांच्या पाठीमागे लपताय. आणि कासवाची पाठ एवढी मोठी नसते." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी म्हटलं, "नात चालायला लागेल, शाळेत जाईल, आणि तिला सांगावं लागेल की आजोबांना दोन कासवांनी रजा दिली नाही. शरम वाटते का काही? आठ दिवस बादली मी करते. निघा."

दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. पाणी किती, काकडी किती पातळ, कासव कुठून धरायचं. "आधी कासवं, मग मासे," हे एक वाक्य त्यांनी मला चाळीस वेळा सांगितलं. चाळिसाव्या वेळी मी त्यांना सांगितलं की मी बावीस वर्षं कचेरीत आहे, पाळण्यात नाही. मग रविवारच्या गाडीने ते गेले.

सोमवारी सव्वाआठला माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"पोचलो," मामा म्हणाले. "कासवं?"

"जेवली. नात कशी आहे?"

"चांगली असेल."

"असेल म्हणजे?"

मागून कपबशांचा आवाज येत होता, कोणीतरी ओरडत होतं, एक कमी साखर. मी खडसावून विचारलं तेव्हा बाहेर आलं. साहेब लेकीच्या इमारतीसमोर चहाच्या दुकानात बसले होते. उतरले होते मागच्या गल्लीतल्या लॉजवर. मामीला सांगून ठेवलं होतं गुरुवारी येतो.

"तिसरा मजला आहे," मामा म्हणाले. "गॅलरीत दुपटी वाळत घातलीयत. अकरा."

"दुपटी मोजायला गेलात का तिकडे? चढा वर!"

"होईल."

मंगळवारी तेच. दुपटी चौदा झाली होती. मी त्यांना फोनवर जे बोलले ते ऐकून बाकड्यावरची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, मी तरी बरी." मामा मात्र तिथून कासवांची नखं, पाण्याचा रंग, नवरीची शेपटी, सगळं विचारत होते.

आणि बुधवारी मी घाण केली.

झालं असं. बादली भरून टाकीपाशी आले तर नऊच्या नऊ मासे पुढच्या काचेशी येऊन रांगेत उभे, तोंडं उघडमीट करतायत. आणि वादी-प्रतिवादी विटेवर पाय पसरून झोपलेले. आता बावीस वर्षं ज्या बाईने 'आधी आला त्याचा आधी नंबर' हेच पाहिलं, ती काय करणार? माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. जे आधी येऊन उभे आहेत त्यांना आधी. मी माशांचं खाणं चिमटीने वर सोडलं. त्यासरशी विटेवरचे दोघं धपकन पाण्यात उतरले आणि त्यांनीही त्यातले चार घास खाल्ले. मी म्हटलं, चला, यांचंही झालं. तेवढ्यात मॅडमनी आत बोलावलं. बादली तशीच राहिली.

अकरा वाजता आठव्या नंबरचं जोडपं आलं. पाच महिने अबोला. एका घरात राहून चिठ्ठ्या लिहायचे. मॅडमनी त्यांना टाकीपुढे उभं केलं आणि नेहमीचं सुरू केलं, "हे बघा. एकाला सारखं पोहायचं असतं..."

प्रतिवादीने, म्हणजे मला तरी तो प्रतिवादीच वाटला, एक बारीक मासा गट्टम केला. सगळ्यांसमोर. मॅडमचं वाक्य अर्धं राहिलं. पाठोपाठ वादीने नवरीची शेपटी धरली आणि टाकीभर फरफटत नेली.

"अहो, बघताय काय, सोडवा तिला!" ती बाई किंचाळली.

नवऱ्याने बाही वर न करताच कोपरापर्यंत हात घातला, कासव उचललं, नवरी सुटली. अर्धी शेपटी वादीच्या तोंडात राहिली.

आता तुम्हाला वाटेल त्या दोघांचं जुळलं. कसलं काय! त्याच्या हातातलं घड्याळ भिजून बंद पडलं, ते तिच्या भावाने दिलेलं होतं, त्यावरून जे भांडण पेटलं ते जिना उतरेपर्यंत चालू होतं. अबोला सुटला एवढंच.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. "सहा वर्षांत असं कधी झालं नाही," त्या म्हणाल्या. "आजच कसं?" मग मी सांगितलं. बादलीचं, रोजच्या सकाळचं, रविवारचं, सगळं. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी नवं भाषण सुरू केलं, की घरात शांतता दिसते तिथे कोणीतरी बादली उचलत असतं, ते कोण हे शोधा. मॅडमना काहीही दाखवा, त्यातून भाषण निघतंच. पण हे भाषण मला पहिल्यापेक्षा बरं वाटलं.

माझी मात्र रात्रभर तगमग. गुरुवारी सव्वाआठला फोन वाजला तो मी पहिल्याच घंटेला उचलला.

"बाई," मामांचा आवाज अगदीच पडलेला. "मी म्हणतोय, दुपारच्या गाडीने परतच यावं. इथे मामी आहेच. पोरगी मजेत दिसते गॅलरीत. मी जाऊन उगाच तिला आठवण करून देणार. तिकडे कासवं खोळंबलीयत. एखादा मासा बिघडला असेल तर सांगा, मी हा निघालो."

बघा आता. खरं सांगितलं असतं तर तो माणूस त्याच पावली स्टेशनवर गेला असता, आणि वर आयुष्यभर म्हणाला असता की माशांसाठी यावं लागलं. त्याला हवं होतं ते कारण माझ्या समोरच टाकीत अर्ध्या शेपटीने पोहत होतं. मी बावीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं टाइप केलंय, स्वतः बोलायची सवय नाही. डोळे मिटले आणि बोलले.

"छे हो मामा, सगळं अगदी छान आहे. नऊच्या नऊ मजेत आहेत. तुम्ही मुळीच काळजी करू नका. निवांत राहा. तब्येतीला जपा हं. चहा घेतलात का?"

त्यांनी कासवांचंसुद्धा पुढे काही विचारलं नाही.

"बरं," मामा म्हणाले, आणि ठेवून दिला.

शुक्रवारी फोन नाही. शनिवारी नाही. मी मनात म्हटलं, संपलं, हे गाडीत बसले. उद्या येतील आणि मासे मोजतील. रविवारी मी बादली केली, आधी कासवं मग मासे, आणि त्या नवरीपुढे उभी राहून तिची माफीसुद्धा मागितली. कोणाला सांगू नका.

मामा सोमवारी आले, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, म्हणजे दहा मिनिटं आधी. पिशवी स्टुलावर ठेवली आणि सरळ टाकीपाशी गेले. मी टाइप करत असल्याचं दाखवत होते. कागद घातलाच नव्हता.

"आठ," मामा म्हणाले. "आणि अर्धी शेपटी."

"मी आधी माशांना घातलं," मी म्हटलं. "ते आधी येऊन उभे होते."

मामांनी मान हलवली. रागावले नाहीत. माणसाने निदान रागवावं की नाही?

"मला गुरुवारीच कळलं होतं," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं? मॅडमनी?"

"तुम्हीच. सोळा वर्षांत तुम्ही मला एकदा तरी विचारलंय का, चहा घेतलात का म्हणून? 'तब्येतीला जपा हं' म्हणालात. तेव्हाच म्हटलं, मासा गेला. कदाचित सगळेच गेले."

मी कागद नसलेल्या मशीनवर चार ओळी टाइप केल्या.

"पिशवी उचलली होती मी," मामा म्हणाले. "स्टेशनकडे वळलोही होतो. मग वाटलं, ही बाई जन्मात कोणाशी गोड बोलली नाही. आपण इथे राहावं म्हणून बिचारी एवढं गोड खोटं बोलली, किती जड गेलं असेल तिला. आपल्याला तर तीन जिने चढून फक्त खरं बोलायचंय."

"मग? बोललात?"

"दार तिनेच उघडलं. खांद्यावर पोर. मला बघितलं आणि म्हणाली, 'धरा हिला, दूध उतू जातंय.' आणि आत पळाली." मामांनी चष्मा काढला. दोरा सुटला होता तो बांधत बसले. "पोर हातात घेऊन दारातच उभा राहिलो. ती आली तेव्हा म्हटलं, मी चुकलो. तेवढंच म्हटलं. बाकी पाठ केलेलं सगळं विसरलो."

मी ओरडले, "वाजले किती बघा! कासवं उपाशी आहेत, उचला ती बादली!" आणि मामा इतके खूश होऊन सामानाच्या खोलीकडे गेले की काय सांगू.

यानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी कचेरीत तोबा गर्दी होती. बाकडं भरलेलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी फुरंगटलेली तोंडं. दारातून एक तरुण मुलगी आत आली, कडेवर तान्हं पोर. ती सरळ बाकड्याकडे गेली, मधोमध थोडी जागा होती तिथे बसली, आणि मामांपुढे हात पसरला.

"माझा नंबर काढून ठेवला होतात ना," ती म्हणाली. "द्या. जरा उशीर झाला यायला."

तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण सगळंच काही हसू नव्हतं. मामांच्या हातात टोकनांचा गठ्ठा होता. तो त्यांनी उगाच वर-खाली केला. बाकड्यावरचे सगळे आपली भांडणं विसरून बघायला लागले.

"तुझा नंबर नाही इथे," मामा म्हणाले. आवाज चिरकला त्यांचा. "नव्हताच कधी. उठ तिथून."

त्यांनी नातीला घेतलं आणि टाकीपाशी नेलं. नवरीची शेपटी पुन्हा फुटायला लागली होती, कड अजून पांढुरकी होती. ते नातीला दाखवत होते, हा वादी, तो प्रतिवादी. लेक माझ्या टेबलाला टेकून उभी होती, डोळे पुसत होती, आणि मी काय, मीही पुसत होते. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्या माणसाबद्दल मला खरोखर आपुलकी दाटून आली, आणि तोंडातून निघून गेलं, "मामा, चहा घेणार का?"

मामा दचकले. नातीला छातीशी धरून टाकीवर वाकले आणि मासे मोजायला लागले.